दिवाळी पहाटेला समूहगान करताय? या चुका टाळा

कोजागिरी झाली की कुणीतरी विचारतंच, "आमच्या सोसायटीचा गट यंदा दिवाळी पहाटेला गाणार आहे, काही टिप्स द्या ना." मी विचारते, "तालीम किती वाजता करता?" "रात्री साडेआठला, सगळ्यांची जेवणं आटोपली की." झालं! पुढचं ऐकायची गरजच उरत नाही.

रात्री साडेआठचा गळा वेगळा आणि पहाटे सहाचा वेगळा. दिवसभर बोलून मोकळा झालेला आवाज काळी चार या पट्टीत (म्हणजे पेटीची चौथी काळी 'सा' धरून) तार गंधारापर्यंत, वरच्या सप्तकातल्या 'ग'पर्यंत जातो. झोपेतून उठल्यावर तोच आवाज षड्जालाही, साध्या 'सा'लाही खरखरतो. आम्ही हे शिकलो ते भर मंचावर. १६ जणी, बागेतला मांडव, समोर नव्या कपड्यांतली गर्दी. पहिल्याच गाण्याचा अंतरा वर चढला आणि चौघींचा आवाज उरला. बाकीच्यांचे नुसते ओठ हलत होते. कीबोर्डवरचा मुलगा हुशार! दुसऱ्या गाण्याआधी त्याने सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणारं ट्रान्सपोजचं बटण दाबलं आणि पट्टी अर्धा सूर खाली, पांढरी पाचवर आणली. गळे सुखावले, पण तबला काळी चारलाच लावलेला. तबलजी हातोडी शोधेपर्यंत मुखडा संपला होता. तिसऱ्या गाण्याला बासरी होती, तीही काळी चारची. बासरीला कुठलं बटण! खाली उतरल्यावर एक आजोबा शांतपणे म्हणाले, "गाणी छान झाली. तबला कुठल्या गाण्याचा होता?"

तेव्हापासून शेवटच्या दोन तालमी मी पहाटे सहालाच ठेवते. कुरकुर होते, दोघी-तिघी येत नाहीत. त्या कार्यक्रमात मागच्या रांगेत उभ्या राहतात. पहाटेच्या तालमीत जी पट्टी बसेल ती पक्की, आणि ती तबलजीला आठवडाभर आधी कळवायची, म्हणजे तो त्या सुराचा तबला आणतो. दवाने पुडी (तबल्याचं कातडं) सैल पडते, म्हणून तबला घरून लावून आणायचा नाही, मांडवात आल्यावर लावायचा. घरातून निघण्याआधी दहा मिनिटं खर्ज, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज. थेट वरचा सूर लावून "गळा उघडतोय का बघते" म्हणणारीचा गळा पहिल्या गाण्यातच बसतो. आणि कीबोर्डच्या ट्रान्सपोज बटणावर मी सरळ चिकटपट्टी लावते. मुलाला राग येतो. येऊ दे.

दुसरी खोड साउंड चेकची. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. म्हणजे सहाच्या कार्यक्रमाला पाचला पोहोचून माईक तपासू, हा बेत मुळातच फसलेला. आदल्या संध्याकाळी जा आणि साउंडवाल्याकडे एकच हट्ट धरा: मॉनिटरमध्ये, म्हणजे गाणाऱ्यांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, पेटी हवी. गायिका मात्र "माझा आवाज वाढवा" म्हणतात. तो वाढवला की प्रत्येक जण आपापल्या सुरात. माईक चौघींत एक, तोही स्टँडवर. हातात माईक आला की बाईंना आपण एकट्याच गातोय असं वाटायला लागतं.

तानपुरा मोबाईलवर लावणार असाल तर फोन एअरप्लेन मोडवर टाका. शुभेच्छा द्यायला मावशी नेमकी आलापातच फोन करते.

प्रेक्षकांना टाळ्यांचा ठेका धरायला सांगू नका. टाळी पुढे पळते, मागून तबल्याचा केरवा ताल पळतो.

लांब ओळीत सगळ्यांनी एकाच जागी श्वास घेतला तर तिथे खड्डा पडतो. कोणी कुठे घ्यायचा, ते वहीत पेन्सिलीने मांडून ठेवा.

कराओके ट्रॅकवर गाणं बसवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. ट्रॅक बहुतेक वेळा मूळ गायिकेच्या पट्टीत असतो आणि ती पट्टी तुमच्या गटाला विचारून ठरलेली नसते. तीन आठवड्यांत हार्मनी (एकाच वेळी वेगवेगळ्या सुरांत गाणं) बसवू म्हणणाऱ्यांनी आधी १६ जणींचा एक षड्ज एकत्र लावून दाखवावा. आम्हाला त्यालाच दोन वर्षं लागली.

आणि फराळ गाऊन झाल्यावर. मांडवामागे डबा उघडला, चिवड्याचा एक कण घशात अडकला, की १६ जणींचं समूहगान १५ जणींचं होतं आणि सोळावी नेमकी माईकसमोर खोकते.