इंग्लंडातलं उठून गेलेलं जुनं गाव शोधायचंय? सऱ्या कुठे थांबतात ते बघा

पडक्या भिंती शोधायला निघालात तर बहुतेक हात हलवत परत याल, कारण तिथली मध्ययुगीन घरं बरीचशी लाकूड-मातीची आणि जो काय दगड होता तो पुढच्या लोकांनी केव्हाच उचलून नेला.

आधी कागद. 1086 च्या डूम्सडे बुकात, म्हणजे राजाने करवून घेतलेल्या जमीन-मालमत्तेच्या नोंदवहीत, गाव आहे, 1334 च्या करयादीतही आहे आणि आजच्या नकाशावर त्या नावाचं एखादं फार्म नाहीतर एकटं चर्च उरलंय, असं सापडलं की धागा मिळाला समजा. डूम्सडे ऑनलाइन फुकट बघता येतं. आणि हो, सगळी गावं प्लेगनेच उठली असं सरसकट धरून 1349 ला थांबू नका, बरीच गावं त्यानंतरही तग धरून होती आणि मग जमीनमालकांच्या मेंढ्यांच्या कुरणांपायी गेली, यॉर्कशायरचं व्हॅरम पर्सी तर 1500 च्या आसपास ओस पडलं. 1836 नंतरचे टाइद मॅप, म्हणजे चर्चच्या दशांश-करासाठी काढलेले शेतांचे नकाशे, मिळाले तर शेतांची नावं वाचा, 'चॅपल फील्ड', 'टाउन क्लोज' असलं काही दिसलं की तिथे खूण करून ठेवा.

आता खरी मजा, लिडार, म्हणजे विमानातून लेझर टाकून मोजलेले जमिनीचे उंच-सखल. तिथल्या सरकारी एन्व्हायर्न्मेंट एजन्सीचा डेटा फुकट आहे, हिलशेड (उंचवट्यांवर खोटा उजेड-सावली पाडणारं दृश्य) लावा आणि उजेडाची दिशा बदलून बदलून बघा. जुन्या नांगरटीच्या सऱ्या-वरंबे लगेच दिसतात, त्यांना उलट्या एससारखा हलका बाक असतो, कारण बैलांची लांब रांग बांधाशी वळवायची तर आधीपासून तिरकं घ्यावं लागायचं. हे वरंबे जिथे मध्येच तुटतात, पुढे चौकोनी उंचवटे ओळीने लागतात आणि त्यांच्यामधून खोलगट पट्टा जातो, तिथे बहुधा गावठाण, तो पट्टा म्हणजे गावचा रस्ता. नुसते खड्डे असतील तर जुनी खाणही असू शकते, उगाच हुरळून जाऊ नका.

प्रत्यक्ष जायचं तर हिवाळ्यात, गवत खुरटं आणि ऊन तिरपं असताना, दुपारी बाराला काही दिसत नाही. पब्लिक फुटपाथ सोडून शेतात शिरायचं तर शेतकऱ्याला विचारा, आणि संरक्षित जागेवर हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर चालवणं गुन्हा आहे. जागा पक्की वाटली की फोटो आणि ग्रिड रेफरन्स (नकाशावरचा जागेचा क्रमांक) त्या काउंटीच्या हिस्टॉरिक एन्व्हायर्न्मेंट रेकॉर्डला, म्हणजे जुन्या जागांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, पाठवा, तिथे आधीची नोंद आहे का तेही कळतं.