क्रिकेट खेळलेल्या पोराला होमरन मारायला कसं शिकवायचं

सांगलीत शाळेची बेसबॉल टीम उभी करायची म्हटलं की पहिली दहा पोरं क्रिकेटमधूनच येतात. चेंडूची भीती गेलेली असते, नजर बसलेली असते, मनगटं पक्की असतात. पुढची अडचण या मनगटांचीच होते. पोरगं हातानं मारतं, चेंडू जमिनीवरून थर्ड बेसकडे, म्हणजे मैदानाच्या डाव्या बाजूला, सरपटत जातो आणि सर म्हणतात, "अजून जोरात मार." तिथंच चुकतं. जोर वाढवला की चेंडू त्याच ठिकाणी, जरा लवकर पोचतो, एवढंच.

नमुना म्हणून एकाच माणसाची बॅटिंग पोरांसमोर ठेवा, अमेरिकेच्या मेजर लीग या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत खेळलेल्या अल्बर्ट पुहोल्सची. त्याचा जन्म १६ जानेवारी १९८० चा, डोमिनिकन रिपब्लिकमधल्या सांतो दोमिंगोचा. लहानपणी लिंबाचा चेंडू आणि दुधाच्या खोक्याचा ग्लोव्ह करून तो खेळला. १९९६ मध्ये घरच्यांबरोबर अमेरिकेत गेला आणि २००७ मध्ये तिथला नागरिक झाला. १९९९ च्या ड्राफ्टमध्ये (टीम पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात तो) सेंट लुइस कार्डिनल्स या टीमनं त्याला घेतलं ते १३ व्या फेरीत, ४०२ व्या क्रमांकावर. म्हणजे त्याआधी ४०१ पोरं पसंत पडली होती. २०२२ मध्ये थांबला तेव्हा नावावर ७०३ होमरन (चेंडू थेट कुंपणापार, क्रिकेटच्या सिक्ससारखा) होते. त्याच्यापुढे तिघंच आहेत: बॅरी बाँड्स ७६२, हँक आरन ७५५ आणि बेब रुथ ७१४.

पण फळ्यावर ७०३ लिहू नका. २००६ चा सीझन लिहा: होमरन ४९, स्ट्राइकआउट (तीन चेंडू हुकून किंवा चांगले असून सोडून बाद) ५०. एवढे होमरन मारणारे बहुतेक जण शंभर-दीडशे वेळा स्ट्राइकआउट होतात. हा पन्नासच वेळा झाला, कारण तो वाईट चेंडूला हात लावत नसे आणि चांगल्या चेंडूवर त्याची स्विंग, म्हणजे बॅट फिरवणं, आखूड असे. पुढचं सगळं या दोन गोष्टींसाठी आहे.

आधी बॅट

क्रिकेटची बॅट साधारण ११०० ते १२५० ग्रॅमची असते. चौदा-सोळा वर्षांच्या मुलाला बेसबॉलची ३१ किंवा ३२ इंची, ८०० ते ८५० ग्रॅमची बॅट पुरते. हातात घेतल्यावर ती फुलासारखी वाटते आणि पोरगं दुकानात लगेच जड बॅट मागतं. देऊ नका. बॅट एका हातानं, खालच्या टोकाला धरून, हात बाजूला सरळ करून पंधरा-वीस सेकंद स्थिर धरायला सांगा. टोक त्याआधी खाली आलं तर ती बॅट त्याच्यासाठी जड आहे.

उजव्या हाताच्या मुलाला हातांचा क्रम बदलावा लागत नाही. क्रिकेटसारखाच डावा हात दांड्याच्या टोकाशी आणि उजवा त्याला चिकटून. बॅट खाली लोंबण्याऐवजी वर उभी राहते म्हणून काही पोरं गोंधळतात आणि हात उलटे धरतात. पहिल्याच दिवशी बघून घ्या. पकड बोटांत हवी, तळव्यात नको. कोयत्याची मूठ गच्च आवळतात तशी आवळली की मनगट अडतं.

उभं राहणं

पुहोल्सचा कुठलाही व्हिडिओ आवाज बंद करून, त्याच्या पायांकडेच बघत दाखवा. पाय खांद्यांच्या रुंदीच्या दीडपटीहून थोडे जास्तच फाकलेले. गुडघे चांगले वाकलेले, जणू तालमीत जोडीदाराच्या पटाची वाट बघतोय. हात मागच्या खांद्याजवळ, बॅट उभी. आणि पिचर (बेसबॉलचा बोलर) फेकायला लागला तरी पुढचा पाय उचलून लांब टाकणं जवळजवळ नाहीच. पुढची टाच उठते, गुडघा जरासा आत वळतो, टाच परत टेकते आणि तेवढ्यात कंबर सुटते.

आपल्या मुलांना हे फार सोयीचं आहे. क्रिकेटमध्ये फ्रंटफूटला जायची सवय असल्यानं ती पिचरच्या दिशेनं पाऊल टाकतात, त्याबरोबर डोकं वीस-तीस सेंटिमीटर पुढे जातं आणि चेंडू आहे त्यापेक्षा वेगवान वाटतो. पिचर पाय टेकतो तो पाट होम प्लेटपासून (बॅटरशेजारची जमिनीतली पाटी) १८.४४ मीटरवर असतो. ताशी १४५ किलोमीटरचा चेंडू तिथून प्लेटवर यायला सुमारे ०.४ सेकंद घेतो. शाळेतला पिचर एवढा वेगवान नसतो, पण डोकं हललं की त्याचाही चेंडू हातून जातो.

करायचं असं: मुलाच्या पुढच्या बुटासमोर, बोटभर अंतरावर एक वीट आडवी ठेवा. पुढचं पाऊल विटेला लागता कामा नये. दोन आठवडे रोज पन्नास स्विंग, चेंडूशिवाय. कंटाळवाणं आहे. पोरं विटेला शिव्या घालतील. घालू द्यात.

स्विंग कुठून सुटते

आधी टाच टेकते, मग कंबर वळते, मग खांदे, शेवटी हात. ऊस तोडणाऱ्याला हा क्रम सांगावा लागत नाही. तो नुसत्या दंडानं कोयता मारत बसला तर तासाभरात दमेल, म्हणून कमरेतून वळतो. फरक इतकाच की बॅट खाली जमिनीकडे जात नाही, चेंडूच्या उंचीला येऊन किंचित वर निघते.

तपासायचं कसं? स्विंग संपल्यावर मुलाला तसंच गोठवा. मागची टाच उठलेली, मागच्या बुटाची नाडी पिचरकडे, पुढचा गुडघा जवळजवळ सरळ, हनुवटी मागच्या खांद्याशी. मागचा पाय जमिनीला चिकटलेला दिसला तर कंबर वळलीच नाही, सगळं हातानं मारलं. मूल पुढे तोल जाऊन दोन पावलं चाललं तर वजन आधीच पुढे निघून गेलं होतं.

टी घरीच बनवा

विकतची टी (चेंडू वर ठेवून मारायचा उभा दांडा) चांगली असते, पण टीमला चार लागतात. गणपती पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानांत सगळं सामान मिळतं. १८ मिलिमीटरचा प्लायवूड होम प्लेटच्या मापात कापा: पुढची कड ४३.२ सेंटिमीटर, दोन्ही बाजू २१.६, मागच्या तिरप्या कडा ३०.५. पोरांना प्लेटची रुंदी आपोआप पाठ होते. त्यावर फ्लँज बोल्टनं बसवून ५० मिलिमीटरचा शेतीचा पीव्हीसी पाइप उभा करा, ५० सेंटिमीटर लांब. आत ४० मिलिमीटरचा पाइप, ६० सेंटिमीटर. दोन्हींमध्ये थोडी सैल जागा राहते. आतल्या पाइपाला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली की घट्ट बसतो. दर ५ सेंटिमीटरवर भोकं पाडून आरपार खिळा घाला, म्हणजे उंची बदलता येते.

वरच्या टोकाला गॅरेजमधून आणलेला जुना रेडिएटर होज, १५ सेंटिमीटर, क्लिपनं आवळून लावा. हा तुकडा टाळू नका. चेंडू थेट पाइपावर ठेवला तर बॅट पाइपाला लागते, पीव्हीसी फुटतो आणि त्याची धार पोरांच्या पोटरीला लागते. प्लायवूडवर ५ किलो वाळूची पिशवी ठेवा, नाहीतर दर चेंडूला टी उचलायला पळावं लागतं.

जाळीसाठी द्राक्षबागेवर टाकतात ती पक्ष्यांची जाळी वापरू नका, दहाव्या चेंडूला फाटते. क्रिकेटची प्रॅक्टिस जाळी आणा आणि सैल सोडा. ताणून बांधली की चेंडू उसळून तोंडावर येतो.

जाळीवर दोन फिती

टीवर चेंडू ७५ सेंटिमीटर उंचीला ठेवा, जाळी बरोबर ४ मीटरवर. जाळीवर दीड आणि २.२ मीटर उंचीला पांढऱ्या फिती बांधा. या दोन फितींमध्ये लागलेला चेंडू साधारण १० ते २० अंशांनी निघालाय, म्हणजे सरळ, टणक लाइन ड्राइव्ह. नंतर २.६ आणि ३ मीटरवर लाल फिती. तिथं लागला तर २५ ते ३० अंश. होमरन इथून जातात.

पहिला महिना लाल फितींकडे बघायचंच नाही. पोरांना आधी उंच मारायला दिलं की ती मागचा खांदा पाडून खालून वर बॅट ओढतात, चेंडू वर चढतो आणि इनफिल्डमध्ये, बेसजवळच्या आतल्या मैदानातच, झेल जातो. पांढऱ्या फितींत दहापैकी सात चेंडू लागायला लागले की मग चेंडूचा खालचा तिसरा भाग बघायला सांगा. बॅटचा मार्ग बदलायचा नाही, नजर बदलायची.

मधल्या चेंडूसाठी टी पुढच्या पावलाच्या रेषेत. अंगाकडच्या चेंडूसाठी एक वीत पुढे. बाहेरच्यासाठी मागे, पुढच्या मांडीच्या आत, आणि तो उजवीकडे, राइट फील्डलाच मारायचा. क्रिकेटवाली पोरं बाहेरचा चेंडूही ओढून डावीकडे मारायला जातात आणि मनगट उलटं पडतं. इथून तो थर्ड बेसचा सरपटी चेंडू जन्माला येतो. पुहोल्सही यातून सुटलेला नाही: ग्राउंडरवर, म्हणजे अशा सरपटी चेंडूवर, डबल प्ले होण्याचा मेजर लीगचा विक्रम त्याच्याच नावावर आहे, ४२६. जोरात मारलेला पण खाली गेलेला चेंडू आणि पळायला जड पाय, एकदम दोन आउट.

जारचं झाकण

डोमिनिकन पोरं गल्लीत झाडूचा दांडा घेऊन पाण्याच्या मोठ्या जारच्या झाकणावर बॅटिंग करतात. खेळाचं नाव विटिया. आपल्या विटीशी त्याचं नातं नसावं, पण ऐकून बरं वाटतं. २० लिटरच्या जारची झाकणं इथं कुठल्याही दुकानामागे ढिगानं मिळतात. पन्नास गोळा करा, धुवा. ९० सेंटिमीटरचा दांडा, फेकणारा ८ ते ९ मीटरवर, झाकण बोटांत धरून चकतीसारखं फिरवून सोडायचं. ते हवेत डगमगतं, शेवटच्या क्षणी खाली बसतं. प्रत्येकाला वीस झाकणं. शेवटपर्यंत बघितल्याशिवाय लागतच नाही, आणि दांडा बारीक असल्यानं आखूड स्विंगला पर्याय नसतो. फेकणाऱ्याला चष्मा घालायला लावा. झाकणाची कड डोळ्यात गेली तर खेळ महागात पडेल.

पावसाळ्यात हाच सराव शाळेच्या व्हरांड्यात चालतो. कृष्णाकाठची काळी माती ओली झाली की मैदान तसंही दोन-तीन दिवस बंदच असतं, आणि भिजलेला लेदरचा चेंडू जड होऊन बॅट आणि हात दोन्ही दुखवतो.

सोडायला शिकवणं

हा भाग सगळे टाळतात, कारण बघायला मजा नाही. मिझुरीतल्या हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी पुहोल्सला ५५ वेळा वॉक (चार वाईट चेंडू सोडल्यावर फुकट मिळणारा पहिला बेस) मिळाला. पिचर त्याला मारण्यासारखे चेंडू देतच नव्हते. उरलेल्या ३३ अॅट-बॅटमध्ये (वॉक सोडून मोजलेल्या बॅटिंगच्या पाळ्यांत) त्यानं ८ होमरन मारले. चिडून वाईट चेंडूवर बॅट फिरवली असती तर हे आठ कुठून आले असते?

दोन बांबू रोवून आडव्या दोन सुतळ्या बांधा: एक गुडघ्याच्या खालच्या खळग्याच्या उंचीला, दुसरी खांदा आणि पट्ट्याच्या मधोमध. बाजूला प्लेटच्या रुंदीच्या दोन उभ्या सुतळ्या. ही चौकट प्लेटच्या मागे. टेनिस चेंडू वापरा, अर्ध्यांवर लाल ठिपका, अर्ध्यांवर निळा. पहिले तीस चेंडू मुलानं बॅट खांद्यावर ठेवून फक्त बघायचे आणि चेंडू प्लेटवर यायच्या आत "मार" किंवा "सोड" ओरडायचं. नंतरच्या तिसात ठिपक्याचा रंगही सांगायचा. शेवटच्या वीस चेंडूंना बॅट, पण चौकटीच्या आतल्यालाच. बाहेरच्याला फिरवली तर गुण वजा. पंधरा दिवसांत फरक दिसतो.

बॅट लांबून फिरते तेव्हा

हात आधी सुटले की बॅटचं टोक मोठा वळसा घेतं. मुलाला भिंतीसमोर उभं करा, बॅटचं खालचं टोक बेंबीला आणि वरचं भिंतीला लागेल इतक्या अंतरावर. भिंतीला जुनी गादी टांगा, नाहीतर बॅटला पोचे पडतील. आता भिंतीला न लागता स्विंग करायची. गादीचा धप्प आवाज आला की वळसा लांब झाला. मागचं कोपर पोटाशी येऊ दिलं की आवाज बंद होतो.

अंग आणि पाय

जुन्या व्हॉलीबॉलच्या कव्हरमध्ये पिशवीत बांधलेली वाळू आणि लाकडाचा भुसा भरून ३ किलोचा गोळा करा. भिंतीकडे बाजूनं उभं राहून कमरेतून फेकायचा: दोन्ही बाजूंनी आठ-आठ, तीन वेळा, आठवड्यातून दोन दिवस. एकाच बाजूनं केलं तर कंबर धरते. मुदगल खांद्यांना उत्तम, पण सामन्याच्या आधी फिरवू नका. जड वस्तूनंतर बॅट हलकी वाटते, वेगवान होतेच असं नाही.

टाचेकडे लक्ष द्या. पुहोल्सचा २०१३ चा सीझन डाव्या पायाच्या तळव्यातल्या दुखण्यामुळे जुलैतच संपला, त्या वर्षी १७ होमरनवर तो थांबला. ताकद सगळी पायांतून येते म्हटल्यावर तळवा दुखला की बॅट दुखलीच. सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकताना टाच दुखते म्हणणाऱ्या मुलाला त्या दिवशी पळवू नका. पोटऱ्या ताणायला लावा, तळव्याखाली पाण्याची भरलेली बाटली पाच मिनिटं फिरवायला सांगा, आणि दोन आठवड्यांत उतरलं नाही तर डॉक्टरकडे पाठवा. घासून गुळगुळीत झालेले बूट घालून सिमेंटवर सराव करणाऱ्यांत हे जास्त दिसतं. अशा मुलाची टी मैदानाच्या कडेला, गवतावर हलवा.