मुंबईत प्रथमच येणाऱ्या दांपत्यासाठी

मुंबईत प्रथमच येणाऱ्या दांपत्याने मुक्काम शक्यतो फोर्ट किंवा कुलाबा परिसरात करावा. खोली लहान मिळेल, परंतु २००४ साली जागतिक वारशाचा मान मिळालेले छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, १९२४ मध्ये पूर्ण झालेले गेटवे ऑफ इंडिया आणि मरीन ड्राइव्ह येथून सहज गाठता येतात. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, म्हणून तो दिवस टाळून सकाळचीच लाँच धरावी.

लोकलने मात्र दुपारी फिरावे. इंडिकेटरवर गाडी जलद की धीमी हे पाहावे आणि पत्नी महिलांच्या डब्यात बसणार असेल, तर उतरल्यावर कोणत्या जिन्यापाशी भेटायचे हे आधीच ठरवावे, कारण गर्दीत फोन ऐकू येईलच असे नाही. दाराकडे सरकताना पुढच्याला ‘उतरणार का?’ असे विचारण्याची येथे रीतच आहे.