केसांना कलर करायचाय? मग दोन दिवस आधीच सुरुवात करा

उद्या फेस्ट आणि आज रात्री रूममेटच्या हातून कलर, असा प्लॅन असेल तर राहू द्या. बॉक्समधल्या कागदावर पॅच टेस्ट (थोडासा कलर त्वचेवर लावून ॲलर्जी येते का ते बघणं) लिहिलेली असते, ती साधारण 48 तास आधी करायची असते आणि नेमकी तीच सगळेजण गाळतात. "मागच्या वेळी काही झालं नव्हतं" याला अर्थ नाही, कारण ॲलर्जी पहिल्याच वेळी दिसेल असं काही नसतं, कित्येक वेळा सगळं नीट जातं आणि मग एके दिवशी डोळे उघडता येणार नाहीत इतका चेहरा सुजतो.

गडद रंगाच्या परमनंट कलरमध्ये बहुतेकदा पीपीडी असतं, म्हणजे पॅरा-फिनिलिनडायअमिन हे रंग आणणारं केमिकल. त्याची रिॲक्शन लगेच येईलच असं नाही, एक-दोन दिवसांनीही उठते, म्हणून तर 48 तास. आणि "अमोनिया-फ्री" वाचून निर्धास्त होऊ नका, त्यात उग्र वास नसतो एवढंच, पीपीडी असू शकतं. काळ्या मेंदीचा टॅटू काढून कधी फोड आले असतील तर मात्र घरी टेस्टसुद्धा करू नका, त्या मेंदीत बऱ्याचदा हेच केमिकल घातलेलं असतं, आधी स्किनच्या डॉक्टरांना विचारा.

टेस्ट सोपी आहे. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा कलर लावायचा, किती वेळ ठेवायचा आणि डेव्हलपर (कलरमध्ये मिसळायचं हायड्रोजन पेरॉक्साइडचं द्रावण) मिसळून लावायचा की नुसता, ते तुमच्या बॉक्सवर बघा, प्रत्येकाचं वेगळं असतं. खाज, लाली, सूज, काहीही दिसलं तर धुऊन टाका, तो बॉक्स बाद. "थोडीशीच तर खाज आहे" वगैरे नको.

डेव्हलपर वेगळा घेत असाल तर आकडे समजून घ्या: 10 व्हॉल्यूम म्हणजे 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, 20 म्हणजे 6, 30 म्हणजे 9, 40 म्हणजे 12. घरच्या घरी 40 च्या नादाला लागूच नका. काळ्याभोर केसांवर निळा-गुलाबी उठून दिसायला आधी ब्लीच लागतं आणि ते काम पहिल्यांदाच करणाऱ्या मित्राकडे देऊ नये, मित्र कितीही जवळचा असो.

प्रत्यक्ष लावताना ग्लोव्ह्ज घाला, कपाळाच्या कडेला आणि कानांवर पेट्रोलियम जेली फासा, वाटी प्लास्टिकची किंवा काचेची घ्या, स्टीलची नको, आणि खिडकी उघडी ठेवा. डोक्यावर ओरखडा किंवा फोड असेल तर तो भरेपर्यंत थांबा. मोबाइलवर टायमर लावाच, जास्त वेळ ठेवल्याने रंग जास्त पक्का बसतो ही निव्वळ समजूत आहे. उरलेला कलर भुवयांना अजिबात लावायचा नाही, डोळ्यात गेला तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. गेलाच तर भरपूर पाण्याने धूत राहा आणि लगेच डॉक्टरांकडे जा.

आणि हो, मिक्स केलेला कलर "पुढच्या वेळी होईल" म्हणून बाटलीत झाकण लावून ठेवू नका, आत गॅस साठतो आणि बाटली फुटू शकते.

डोकं नुसतं चुरचुरलं तरी टायमर संपायची वाट न बघता धुवा. ओठ-डोळे सुजायला लागले, श्वास जड वाटला तर रूममेटला उठवा आणि थेट इमर्जन्सीत जा, जाताना रिकामा बॉक्स बरोबर घ्या म्हणजे त्यात काय काय होतं ते डॉक्टरांना वाचता येईल.