बॅलेप्रेमी माणसासाठी नाताळची भेट कशी निवडावी

डिसेंबर जवळ आला की न्यूयॉर्क, लंडनसारख्या शहरांतील बॅलेची नाट्यगृहे गजबजू लागतात आणि तेथील मराठी घरांतही एक प्रश्न हमखास निघतो. बॅले शिकणाऱ्या भाचीला, किंवा दर मोसमात बॅले पाहायला जाणाऱ्या सहकाऱ्याला, काय द्यावे? बहुतेकांचा हात नर्तकीचे चित्र असलेल्या कपाकडे किंवा गुलाबी साटीनच्या पिशवीकडे जातो. ज्यांचा बॅलेवर खरोखर जीव आहे, त्यांच्याकडे अशा वस्तू बहुधा आधीच साठलेल्या असतात. थोडी चौकशी केली, तर तेवढ्याच पैशांत त्यांच्या उपयोगाची किंवा त्यांना मनापासून भावणारी भेट देता येते.

सर्वांत आधी ती व्यक्ती बॅले करते की पाहते, हे नीट ठरवावे. करणाऱ्याची गरज शरीराची आणि रोजच्या सरावाची असते, तर पाहणाऱ्याची ओढ एखाद्या रात्रीची, एखाद्या कलावंताची किंवा संगीताची असते. शिकणारी मुलगी असेल, तर तिच्या आईवडिलांना दोन प्रश्न विचारावेत: ती बॅलेच्या कोणत्या इयत्तेत आहे आणि तिच्या बॅलेशाळेत पोशाखाचा नियम काय आहे? अनेक शाळांत प्रत्येक इयत्तेच्या लिओटार्डचा, म्हणजे अंगाला घट्ट बसणाऱ्या सरावाच्या पोशाखाचा, रंग ठरलेला असतो. हे न विचारता आणलेला सुंदर जांभळा लिओटार्ड कपाटातच राहतो.

आता पायातल्या वस्तूंविषयी, कारण सर्वाधिक चुका येथेच होतात. एका नाताळला मी भाचीला न सांगता, तिच्या रोजच्या बुटांच्या मापावरून, पॉइंट शूजचा, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकांवर उभे राहून नाचण्याच्या बुटांचा, जोड मागवला. खोके उघडताना तिचा चेहरा उजळला होता. दुसऱ्या दिवशी तिच्या शिक्षिकेने तो जोड हातात घेऊन तळवा दाबून पाहिला आणि तो पायात घालण्यास साफ मनाई केली. मापही चुकले होते आणि बोटांच्या टोकांवर उभे राहण्याइतकी ताकद तिच्या घोट्यांत अजून आलेली नव्हती. ती वेळ कधी आली, हे शिक्षकच ठरवतात. तबला शिकणाऱ्या मुलासाठी आपण त्याच्या गुरूंना विचारल्याशिवाय तबला आणत नाही, तसेच हे आहे.

या बुटाची घडण समजून घेतली, की त्यामागचे कारण पटते. बोटांभोवतीचा कडक भाग कापडाचे आणि कागदाचे थर खळीने एकमेकांवर चिकटवून केलेला असतो आणि तळव्याखाली एक ताठ पट्टी असते. चवड्याची रुंदी, बोटांची लांबी, पायाची कमान आणि पट्टीचा ताठपणा हे सगळे जुळावे लागते. पारंपरिक जोडात डावा-उजवा असा भेदही नसतो आणि बूट हळूहळू पायाचा आकार घेतो. म्हणूनच दुकानातील जाणकार माणूस नर्तकीला समोर उभे करून, बोटांच्या टोकांवर चढवून, एकामागून एक जोड घालून पाहतो. तुम्हाला बूटच द्यायचे असतील, तर शिक्षिकेची संमती घेऊन अशा दुकानाचे भेटपत्र (गिफ्ट व्हाउचर) द्यावे आणि बूट घ्यायच्या दिवशी तिच्यासोबत जावे.

बुटाच्या आसपासच्या वस्तू मात्र निर्धास्तपणे द्याव्यात. नवा जोड घरी आला, की रिबिनी आणि इलॅस्टिक नर्तकीला स्वतःच्या हाताने शिवावे लागते. माझी भाची आता स्वयंपाकघरातील टेबलाशी बसून हे काम करते आणि दोऱ्याऐवजी दात साफ करण्याचा धागा वापरते, कारण साधा दोरा ताणाने लवकर तुटतो. जाड सुया, असा धागा, छोटी धारदार कात्री, रिबिनीचे टोक उसवू नये म्हणून ते जाळण्यासाठी लायटर (लहान मुलगी असल्यास तो आईच्या हाती द्यावा) आणि बोटांसाठीच्या मऊ गाद्या एका कापडी डबीत घालून दिल्या, तर ती डबी वर्षभर तिच्या पिशवीत राहील. अंबाड्याच्या जाळ्या आणि पिना कितीही दिल्या तरी कमीच पडतात. थंडीच्या देशात सरावापूर्वी स्नायू उबदार ठेवणारे लोकरी लेग वॉर्मरही फार कामाचे असतात.

पाहणाऱ्या माणसासाठी तिकिटापेक्षा चांगली भेट मला सुचत नाही, फक्त तारीख आणि जागा विचारपूर्वक निवडावी लागते. नाताळचा बॅले म्हणजे ‘नटक्रॅकर’. चायकॉव्हस्कीच्या संगीतावरील हा बॅले 1892 च्या डिसेंबरमध्ये सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की नाट्यगृहात प्रथम झाला. नृत्यरचनाकार जॉर्ज बालान्शीन यांनी 1954 मध्ये न्यूयॉर्क सिटी बॅले या कंपनीसाठी तो नव्याने रचला आणि त्यांची ती रचना आजही दर हिवाळ्यात होते. तिच्यात नाताळचे झाड प्रेक्षकांसमोर 12 फुटांपासून 41 फुटांपर्यंत वाढत जाते. मुलाला पहिल्यांदा नेणार असाल, तर त्या क्षणी रंगमंचाकडे न पाहता त्याच्या चेहऱ्याकडे पाहावे.

जागा निवडताना अगदी पुढची रांग टाळावी, असे माझे मत आहे. हिमकणांच्या नृत्यात नर्तकी एकत्र येऊन जे आकार करतात, ते थोड्या उंचीवरून, म्हणजे पहिल्या सज्जातून, स्पष्ट दिसतात. पुढे बसल्यास पाय दिसतात, पण आकृती हरवते. कडेच्या स्वस्त जागांवरून रंगमंचाचा एक कोपरा दिसत नाही. मुलांसाठी वयाची अट आहे का, हेही आधीच पाहून घ्यावे.

जपून ठेवण्यासारखी वस्तू द्यायची असेल, तर काही बॅले कंपन्या आपल्या कलावंतांनी वापरलेले, स्वाक्षरी केलेले पॉइंट शूज विकतात. पूर्ण लांबीच्या बॅलेत प्रमुख नर्तकीचा एखादा जोड एकाच रात्रीत निकामी होऊ शकतो, त्यामुळे असे जोड उपलब्ध होतात. झिजलेले टोक, मळलेले साटीन, तळव्यावर कारागिराची खूण: रसिकासाठी हा बूट कोणत्याही चकचकीत मूर्तीपेक्षा मोलाचा असतो.

मराठी माणसाने द्यावी अशी एक भेट मला विशेष प्रिय आहे. जगप्रसिद्ध नर्तिका अ‍ॅना पाव्हलोव्हा 1922-23 च्या पूर्वेकडील दौऱ्यात भारतात आल्या होत्या आणि 1923 मध्ये लंडनच्या कव्हेंट गार्डन नाट्यगृहात त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून स्फुरलेला बॅले सादर केला. त्याच वर्षी तरुण उदय शंकर त्यांच्यासोबत कृष्णाच्या भूमिकेत नाचले. अजिंठ्याच्या चित्रांचे चांगले छापलेले पुस्तक घ्यावे, आतल्या कोऱ्या पानावर ही हकिकत चार ओळींत स्वतःच्या अक्षरात लिहावी आणि परदेशातल्या बॅलेप्रेमी मित्राला पाठवावे.

राहता राहिला वेळेचा प्रश्न. ‘नटक्रॅकर’चे प्रयोग साधारणपणे नोव्हेंबरअखेर सुरू होऊन जानेवारीच्या पहिल्या दिवसांत संपतात. त्यामुळे 25 डिसेंबरला पाकिटातून निघालेले त्याचे तिकीट वापरायला जेमतेम आठवडा उरतो, तोही प्रवासाच्या गर्दीचा. ते तिकीट दिवाळीत, भाऊबिजेच्या ताटातच द्यावे. नाताळच्या पाकिटात वसंतातल्या ‘स्वान लेक’ची किंवा ‘जिझेल’ची तिकिटे घालावीत आणि ती काढण्यापूर्वी त्या संध्याकाळी ती व्यक्ती मोकळी आहे ना, हे घरच्या कुणाला तरी हळूच विचारून घ्यावे.