क्रिमिनॉलॉजी मायनरला घेताय? मग कॉलेज सुरू व्हायच्या आधी एवढं करून ठेवा

मेजर सायकॉलॉजी नाहीतर सोशॉलॉजी आणि मायनरला क्रिमिनॉलॉजी (गुन्हेगारीचा अभ्यास), असं घेणारे बरेच जण असतात आणि पहिल्या लेक्चरला निम्म्यांच्या डोक्यात सिरीयल किलरच असतो, म्हणून फॉर्म भरायच्या आधी सिलॅबसची पीडीएफ उघडून बघा, क्रेडिट किती, फील्ड व्हिजिट आहे का वगैरे. फॉरेन्सिकच करायचं असेल तर तो वेगळा विषय आहे, इथे त्याची फारतर तोंडओळख होते.

मग भारतीय न्याय संहितेचा बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचा नुसता मूळ मजकूर, घ्या. सेकंडहँड पुस्तक घेताना जपून, कारण १ जुलै २०२४ पासून आयपीसी, म्हणजे जुनी भारतीय दंड संहिता, जाऊन ही संहिता आली, ५११ कलमांची ३५८ झाली, खुनाचं ३०२ आता १०३ आहे आणि ४२० गेलं ३१८ मध्ये. पण त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच कलमांनी चालतात, तेव्हा वहीच्या मागच्या पानावर दोन्ही नंबरांचा तक्ता करून ठेवाच.

एक-दोन एफआयआर वाचून बघा, पोलिसांच्या साइटवर मिळतात. 'यातील फिर्यादी', 'अज्ञात इसमाने लबाडीच्या इराद्याने' अशी भाषा असते, सुरुवातीला डोकं गरगरतं पण दोन-चार वाचल्या की सवय होते.

एनसीआरबी म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारी सरकारी संस्था, तिचा 'क्राइम इन इंडिया' हा अहवाल डाउनलोड करा, पण आकडे पाठ करत बसू नका, ते मोजतात कसे ते आधी समजून घ्या. एकाच एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असतील तर मोजणीत फक्त सगळ्यात गंभीर गुन्हा धरला जातो. आणि एखाद्या राज्यात गुन्हे जास्त दिसले म्हणजे तिथे गुन्हेगारी जास्त असं नसतं, कदाचित तिथे तक्रार नोंदवून घेत असतील!

थिअरीत लोंब्रोसो हा इटालियन डॉक्टर येईल, १८७६ चं पुस्तक, गुन्हेगार जन्मतःच तसा असतो म्हणणारा. तो वाचायच्या आधी सोलापूरच्या सेटलमेंटबद्दल, म्हणजे ब्रिटिश काळातल्या बंदिस्त वसाहतीबद्दल, वाचा असं मी कळकळीने सांगेन. १८७१ च्या ब्रिटिशांच्या कायद्याने अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या, माणसं तारेच्या कुंपणात ठेवली, आणि १९५२ ला तो कायदा रद्द होऊनही पारधी म्हटलं की आजही आधी संशय येतो. हे माहीत नसताना लोंब्रोसो वाचला तर तो नुसता परीक्षेपुरता राहतो.

एक दिवस मॅजिस्ट्रेट कोर्टात जाऊन बसा, मोबाइल बंद ठेवून. मी गेले तेव्हा शेजारी एक बाई डबा घेऊन बसल्या होत्या, नवऱ्याची तारीख होती, त्याचं नाव पुकारलं, दोन मिनिटांत पुढची तारीख पडली आणि डबा तसाच परत गेला. कच्चा कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल लागायच्या आधीच तुरुंगात असलेला माणूस, म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

जेल व्हिजिटसाठी मात्र पहिल्याच आठवड्यात मॅडमच्या मागे लागा. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत आहे, १९३९ पासूनची, कैदी तिथे कुटुंबासोबत राहतात, जमलं तर तीच बघा. परवानगीच्या पत्राला वेळ लागतो, तेव्हा सगळ्यांच्या आधारच्या झेरॉक्स आधीच गोळा करून ठेवा.