हायस्कूलमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला लॅपटॉप: वाटपाआधीची आणि नंतरची कामं

लॅपटॉप विकत घेणं हा या कामातला सोपा भाग. खरी परीक्षा होते ती वर्गातले ४० जण एकाच मिनिटात झाकण उघडतात तेव्हा. म्हणून तयारीचा क्रम उलटा ठेवा: आधी वाय-फाय आणि वीज, मग शिक्षक आणि सगळ्यात शेवटी मुलं.

कॉरिडॉरमधल्या एका ॲक्सेस पॉइंटवर, म्हणजे वाय-फायचा सिग्नल सोडणाऱ्या डब्यावर, चार वर्ग भागतील असं वाटतं, कारण फोनवर सिग्नलच्या सगळ्या काड्या दिसतात. पण सिग्नल पोहोचणं वेगळं आणि ४० मशिनं पेलणं वेगळं. प्रत्येक वर्गात एक ॲक्सेस पॉइंट हवा, तोही छताला. वाय-फाय २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं आणि प्रत्येक पट्ट्यात चॅनेल, म्हणजे सिग्नलच्या वेगवेगळ्या वाटा, असतात. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच आहेत: १, ६ आणि ११. त्यामुळे विद्यार्थ्यांचे लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर न्या, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा आणि ॲक्सेस पॉइंटची पॉवर कमी करा. हो, कमीच. पूर्ण पॉवर ठेवली की लॅपटॉप शेजारच्या वर्गाच्या ॲक्सेस पॉइंटला चिकटून बसतात. नेटवर्क स्विचपासून, म्हणजे सगळ्या केबल जिथे एकत्र येतात त्या पेटीपासून, प्रत्येक ॲक्सेस पॉइंटपर्यंत केबल टाका. तिची लांबी १०० मीटरच्या आत हवी.

आता एक बिघाड, जो बहुतेक ठिकाणी पहिल्याच आठवड्यात येतो. पहिल्या तासाला सगळं सुरळीत चालतं. तिसऱ्या तासाला काही मुलं सांगतात, ‘वाय-फाय जोडलेलं दिसतंय, पण काहीच उघडत नाही.’ अशा विंडोज लॅपटॉपचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर मशीनला मिळणारा क्रमांक, बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडचे पत्ते संपलेले असण्याची शक्यता मोठी. नेहमीच्या सेटिंगमध्ये जेमतेम २५० पत्ते मिळतात. ३०० लॅपटॉप, शिक्षकांचे फोन आणि प्रिंटर धरले की ते पुरत नाहीत, आणि घरी गेलेल्या लॅपटॉपचा पत्ताही मुदत संपेपर्यंत अडकून राहतो. राउटरमध्ये सबनेट मास्क, म्हणजे नेटवर्कमध्ये किती पत्ते मावतील हे ठरवणारं सेटिंग, २५५.२५५.२५२.० केला की १०२२ पत्ते मिळतात. पत्त्याची मुदत, म्हणजे लीज, ८ तासांवर आणा.

दुसरा घोळ अपडेटचा. १ जीबीचं अपडेट ३०० लॅपटॉपनी एकदम ओढलं तर १०० एमबीपीएसची लाइन जवळजवळ सात तास तुंबते. अपडेट शाळा सुटल्यानंतर किंवा घरच्या नेटवर होईल अशी वेळ लावा आणि एका दिवशी एकाच तुकडीचं घ्या.

विजेचं गणित सोपं आहे, तरी ते राहून जातं. ४५ वॉटचे ४० चार्जर म्हणजे १८०० वॉट. एका एक्स्टेंशन बोर्डाला दुसरा आणि दुसऱ्याला तिसरा जोडून हा भार घेतला तर बोर्ड तापतो आणि फ्यूज उडतो. लॅपटॉप घरून चार्ज करून आणायचा हाच नियम ठेवा. विसरणाऱ्यांसाठी वर्गात चार-पाच पॉइंट पुरतात, तेही भिंतीच्या कडेला. वाटेत वायर नको. मशीन निवडताना जाहिरातीतले बॅटरीचे तास धरू नका. एक नमुना आणा, ब्राइटनेस वाढवा, व्हिडिओ लावा आणि घड्याळ बघा. बाकी ८ जीबी रॅम, एसएसडी आणि दीड किलोच्या आत वजन असलं की शाळेच्या कामाला पुरतं.

शिक्षकांना लॅपटॉप किमान एक सत्र आधी द्या. मुलांसमोर पहिल्यांदाच फाइल शोधण्याची वेळ शिक्षकावर आली तर तो पुन्हा खडूकडे वळतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

वाटप एका दिवशी एका तुकडीचंच करा. त्याआधी प्रत्येक लॅपटॉपवर क्रमांकाचं स्टिकर लावा, तोच क्रमांक चार्जरवरही टाका आणि सिरियल नंबरसह रजिस्टरमध्ये नोंदवा. चार्जर सगळे सारखेच दिसतात आणि सगळ्यात आधी तेच हरवतात. विद्यार्थ्याच्या खात्याला ॲडमिनचे अधिकार देऊ नका. पासवर्ड विसरला तर तो वर्गशिक्षकालाच बदलून देता आला पाहिजे, नाहीतर एकट्या संगणक शिक्षकाच्या दारात रांग लागते. पालकांच्या सहीच्या फॉर्ममध्ये तुटफूट झाली तर खर्च कोणाचा आणि किती, हे आकड्यात लिहा. ‘योग्य ती भरपाई’ असं मोघम लिहिलेलं असलं की हमखास वाद होतो.

स्क्रीन फक्त पडूनच फुटते असं नाही. कीबोर्डवर पेन किंवा इअरफोन राहतो, वरून झाकण दाबलं जातं आणि काच आतून तडकते. दप्तरात जाड पुस्तकांच्या मधे कोंबल्यानेही तेच होतं. त्यामुळे पहिल्या दिवशी प्रत्येकाकडून तीन गोष्टी करून घ्या: कीबोर्डवरून हात फिरवून झाकण लावणं, लॅपटॉप खालून दोन्ही हातांनी उचलणं आणि चार्जर वायर न ओढता पिनेला धरून काढणं. शंभरामागे पाच ते दहा लॅपटॉप सुटे ठेवा. बिघडलेलं मशीन जमा केलं की मुलाला त्याच तासात दुसरं मिळालं पाहिजे. काम लॅपटॉपच्या डिस्कवर नव्हे तर शाळेच्या ऑनलाइन खात्यात साठवलेलं असेल, तरच ही अदलाबदल बिनत्रासाची होते.

वर्गात शिक्षकाने मागे उभं राहून शिकवावं. तिथून सगळ्या स्क्रीन दिसतात. ‘झाकण अर्धं’ म्हटलं की सगळ्यांनी स्क्रीन अर्धी मिटायची. पूर्ण मिटवली तर मशीन झोपतं आणि पुन्हा लॉगिन करण्यात वेळ जातो.

मोठ्या सुटीआधी सगळे लॅपटॉप जमा करून घ्या. बॅटरी साधारण ५० टक्क्यांवर ठेवून बंद करा. पूर्ण उतरलेली बॅटरी दोन महिने पडून राहिली तर खराब होऊ शकते. टचपॅड वर उचललेला दिसला किंवा झाकण नीट बसत नसेल, तर बॅटरी फुगलेली असू शकते. तो लॅपटॉप चार्जिंगला न लावता, न दाबता बाजूला ठेवा आणि दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या.